लिंबोणीचं पाणी तोडलं तेव्हा

आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर काल शेणखत पडलं आणि विश्रांतवाडीत हाहाकार उडाला. हाहाकार म्हणजे फोनवरचा. प्रत्यक्षात कुणी खिडकीतून डोकंसुद्धा बाहेर काढलं नाही. बी विंगमधल्या एका गृहस्थांनी ग्रुपवर लिहिलं, 'ही सोसायटी आहे की गोठा?' मी लिहिलं, 'गोठ्यात शिस्त असते.'

बागेचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे कुणी घेईना, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. शाळेतून निवृत्त झालेली बाई रिकामीच असते असा लोकांचा समज असतो. दसरा झाला की मी हिरवळीचं पाणी तोडते, ती अगदी बुडापर्यंत कापून घेते, तण काढून घेते आणि वर पोयट्याची माती आणि कुजलेलं शेणखत पसरून टाकते. पंधरा-वीस दिवस ती जागा अशी काही भकास दिसते की बघवत नाही. मग दिवाळीनंतर गार वारं सुटतं आणि मातीतून पोपटी टोकं वर येतात. तेव्हा हेच लोक तिथे उभे राहून फोटो काढतात.

काल संध्याकाळी आमचा सेक्रेटरी रोहन आला. पोरगा चांगला आहे, हिंजवडीला जातो, नम्र आहे.

"काकू, लॉन एकदम डेड दिसतंय हो. दिवाळीला सगळ्यांकडे गेस्ट येणार. थोडं वॉटरिंग सुरू करू या का?"

"रोहन, ते मेलेलं नाही, झोपलंय. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर पाणी मारतोस का तू?"

"नाही, म्हणजे... आठ दिवस पाणीच नाही म्हटल्यावर मला बघून कसंतरी होतं."

हे शेवटचं वाक्य तो अगदी मनापासून बोलला आणि मला माझी आई आठवली. तीही असंच म्हणायची. त्यामुळे मी त्याला पुढे काही टोचून बोलले नाही. एरवी सोडला नसता.

पुण्याची थंडी पुणेकरासारखीच. न सांगता येते आणि आल्या आल्या 'मी काही फार थांबणार नाही' असं सांगून मोकळी होते. आधी ऑक्टोबर महिनाभर डोकं तापवतो. मग एक दिवस पहाटे पांघरूण शोधायला हात जातो, दाराची कडी हाताला गार लागते, खोबरेल तेलाची बाटली थिजायच्या बेतात येते, आणि कळतं की ही आली. त्या दिवशी मला कुठेही असले तरी खडकीच्या मातीचा वास येतो. उपटलेल्या लव्हाळ्याचा तो वास. लव्हाळ्याच्या मुळाशी काळ्या गाठी असतात, त्या चिरडल्या की कापरासारखं काहीतरी नाकात शिरतं. सोबत पेटवलेल्या पालापाचोळ्याचा धूर आणि ट्रंकेतून निघालेल्या स्वेटरचा डांबरगोळ्यांचा वास. हे तिन्ही वास एकत्र आले की माझ्यापुरता हिवाळा सुरू.

खडकीला आमचं क्वार्टर होतं. बैठं, कौलारू, पुढे हातरुमालाएवढी हिरवळ, कडेला गुलाबांची रांग आणि फाटकाशी एक लिंबोणी. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर पेन्सिलीने यंत्रांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी त्याच हातांनी माती उकरायची. रेघ मारावी तशी त्यांची बाग होती. दोन गुलाबांमधलं अंतर चुकून कमी-जास्त झालं तर त्यांना जेवण जात नसे.

खंडेनवमीला आमच्याकडे पूजेत कात्री, खुरपं, टिकाव आणि झारी असे. आई सगळ्यांना हळदकुंकू लावायची, झेंडूचं फूल वाहायची. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा त्याच कात्रीला तेल देऊन बागेत उतरत. 'चला, यांना विसाव्याला बसवू या,' म्हणत. गुलाबांचं पाणी बंद, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना चार दिवस ऊन, मग छाटणी. बाहेर कॅम्पाच्या रस्त्यावर त्याच दिवसांत चिंचा-कडुनिंबांच्या बुंध्यांना गेरू आणि वर पांढऱ्या चुन्याचा पट्टा लागायचा. दिवाळीला आमच्या आधी झाडांना नवे कपडे मिळत, आणि आम्हा भावंडांना त्याचा मनापासून हेवा वाटे.

माझी धाकटी भावंडं तेव्हा शाळेत होती आणि मी कॉलेजात. त्या वर्षी गणपतीत अण्णांना अर्धांगाचा झटका आला.

आरतीला उभे होते. हातातलं ताम्हण वाजत खाली पडलं, आणि अण्णा त्याच्याकडे नुसते बघत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाच्या हातून पडलं होतं. मग तेही खाली बसले. शेजारचे लतीफभाई धावत आले, त्यांनीच उचलून टांग्यात घातलं. लतीफभाई कारखान्यात फिटर. आमच्या आणि त्यांच्या अंगणात मेंदीचं एक कुंपण होतं, तेही नावाला. त्यांची बायको जुबेदाभाभी त्या रात्री आम्हा तिघांजवळ बसून होती.

अण्णा वाचले. बोलणं परत आलं, पाय परत आला, थोडा ओढत का होईना. पण उजवा हात आला नाही. मांडीवर ठेवला की तिथेच राही. डॉक्टर म्हणाले, "हात येईल. पण त्याला कामाला लावलं तरच. आता लाड केलेत तर पुढे कायमचा गेला समजा." साहेबांनी माणुसकीने लांब रजा दिली होती. ती थंडी संपेपर्यंत होती. तोवर पेन्सिल धरता आली तर नोकरी, नोकरी असली तर क्वार्टर. हे आम्हाला कुणी बसवून सांगितलं नव्हतं. पण घरात सगळ्यांना, अगदी धाकट्यालाही, ठाऊक होतं. आम्ही सगळे त्या हाताकडे चोरून बघायचो. जेवताना बघायचो, चहा देताना बघायचो. बोट हललं का?

आणि आईने त्यांचा ताबाच घेतला. माझी आई म्हणजे मूर्तिमंत माया. तिने अण्णांना काही म्हणजे काही करू दिलं नाही. दात घासून देई, भात कालवून घास भरवी, अंगात शर्ट घाली. पेला उचलायला त्यांनी डावा हात पुढे केला तरी हिचा हात आधी तिथे पोचलेला असे. पलीकडून जुबेदाभाभीही काही कमी नव्हती. "भाऊंना सूप आणलंय, वहिनी. गरम आहे तोवर पाजा." दोघी मिळून अण्णांना चमच्याने पाजत आणि अण्णा तोंड उघडत. साहेबाला नकाशावरून सुनावणारा माझा बाप, चिमणीच्या पिलासारखा तोंड उघडायचा. मला ते बघवायचं नाही. मी पुस्तक घेऊन मागच्या दारी जाऊन बसे आणि एक ओळ वाचून होत नसे.

त्यांची खुर्ची ओटीवर होती, बागेकडे तोंड करून. दसऱ्याच्या सुमाराला एक दिवस ते म्हणाले, "मंगल, खुर्ची फिरव."

"कुठे, अण्णा?"

"भिंतीकडे."

मी फिरवली. आत येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "ऊन लागत असेल गं त्यांना." ऊन कुठलं? संध्याकाळचे सहा वाजले होते.

त्या वर्षी खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली आणि अवजारं तशीच पुन्हा कोपऱ्यात गेली. हिरवळीत लव्हाळा गुडघ्याला आला. गुलाब पावसाळ्यात वाटेल तसे वाढले होते, लांबलचक, वेडेवाकडे, एक फूल नाही. आम्हाला कुणालाच तिकडे हात लावायचा धीर नव्हता. अण्णांची बाग अण्णांशिवाय नीट करायची म्हणजे अण्णा संपले असं कबूल करण्यासारखं वाटत होतं.

शेवटी लतीफभाई आले. ओटीवर टेकले, तंबाखू मळली आणि भिंतीकडे तोंड केलेल्या अण्णांना म्हणाले, "अण्णा, कारखान्यात लोक विचारतात मला."

"काय?"

"तुमच्या शेजारी जंगल झालंय, वाघ आलाय का म्हणून. मी सांगितलं, आलाय, पण भिंतीकडे तोंड करून बसलाय."

मला वाटलं आता हे चिडतील. आई तर दारात येऊन लतीफभाईंना खुणा करायला लागली. अण्णांनी मान वळवून बागेकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंगल, कात्री आण."

कात्री त्यांच्या उजव्या हातात दिली. बोटं मिटेनात. ती घसरून फरशीवर पडली. मी उचलून पुन्हा दिली, पुन्हा पडली. आईने पदर तोंडाला लावला. अण्णा म्हणाले, "ठीक आहे. आज तू काप. मी सांगतो."

गुलाब कापणं हे काळीज घट्ट करून करायचं काम आहे, हे मला त्या दिवशी कळलं. हिरवीगार, माणसाएवढी फांदी, तिला तुम्ही गुडघ्याइतकी ठेवायची! मी आपली टोकं टोकं कापत होते.

"अगं, केस नीट करतेयस का तिचे? खाली काप. आणखी खाली."

"अण्णा, मरेल ना!"

"मरत नाही. डोळा बघ. फांदीला डोळा असतो बारीक, फुगीर. बाहेरच्या अंगाचा शोध. त्याच्यावर बोटभर ठेवून तिरकं काप. आतल्या अंगाचा ठेवलास तर फांद्या एकमेकींच्या उरावर बसतील, आपल्या बिऱ्हाडासारख्या."

मी कापलं. काट्यांनी हात ओरबाडले, डोळ्यांत पाणी येत होतं, ते काट्यांचं होतं असं मी सगळ्यांना सांगितलं. कापलेल्या जागी मोरचूद आणि चुन्याचा निळसर लेप लावला. संध्याकाळी बागेत नुसते खुंट उभे होते. आणि अण्णांची खुर्ची, कुणी न फिरवता, बागेकडे तोंड करून होती. त्यांनी पायाने ढकलत स्वतःच फिरवली होती. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन आईच्या गळ्यात पडले, आणि तिने विचारलं, "काटा गेला का गं कुठे?"

दिवाळी गेली, गारवा पडला आणि अण्णांनी हुकूम काढला. "आजपासून लिंबोणीचं पाणी तोडायचं. कुणी थेंब घालायचा नाही."

लिंबाच्या झाडाला थंडीत ताण देतात. पोटभर पाणी मिळतंय तोवर ते आरामात पानं करत बसतं. पाणी तोडलं की पानं मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतात. मग माती हलवायची, खत घालायचं आणि मनसोक्त पाणी द्यायचं. की अंगभर कळी धरते. अण्णा दर वर्षी असंच करत. पण त्या आधीच्या वर्षांत ते स्वतः पहाऱ्याला असत. आता पहारा खुर्चीतून होता.

लिंबोणी ऐकेना. आठवडा झाला, दुसरा झाला. पान मलूल व्हायचं सोडून झाड दिवसेंदिवस तजेलदार. नवी पालवीसुद्धा फुटली. अण्णांना काही समजेना. माणूस नकाशे काढणारा. कारण सापडल्याशिवाय झोप कशी लागावी? ते काठी घेऊन उठले. झटक्यानंतर पहिल्यांदाच आपणहून ओटीच्या पायऱ्या उतरले. आई मागे धावली, तर "थांब तिथेच" म्हणाले. फाटकाशी जाऊन झाडाभोवती फिरले. दुसऱ्या दिवशी नळाचा पाइप फुटलाय का ते बघायला मागच्या अंगणात गेले. तिसऱ्या दिवशी मोरीचं पाणी कुठून कुठे जातं ते बघून आले. जमिनीखाली जुनी विहीर असेल, असंही त्यांनी लतीफभाईंना सांगितलं. लतीफभाई म्हणाले, "असेल. इंग्रजांनी पुरली असेल." आम्ही भावंडं मात्र खूश होतो. झाड ऐकत नव्हतं, पण त्यापायी अण्णा रोज चालत होते.

आणि एका सकाळी उलगडा झाला. नुकतं उजाडलं होतं. खडकीत थंडीच्या दिवसांत धुकं असं काही उतरतं की फाटकाची नुसती आकृती दिसते. अण्णा लवकर उठून ओटीवर येऊन बसले होते, हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मी आतून त्यांची शाल घेऊन आले तर त्यांनी ओठांवर डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि समोर दाखवलं.

लिंबोणीच्या या अंगाला आमची आई, पदराखाली तांब्या धरून, तांदळाचं धुवण अलगद आळ्यात ओतत होती. त्याच वेळी कुंपणाच्या पलीकडून जुबेदाभाभीचा हात आला. हातात नमाजाआधीच्या वजूचं, हातपाय धुऊन उरलेलं पाणी भरलेला लोटा. एकीची दुसरीला कल्पना नाही. भाभी म्हणत होती, "पी बाळा, पी. भाऊंना काय कळतंय, आजारी आहेत ते." आई दचकली. भाभी त्याहून दचकली. दोघी झाडाच्या दोन बाजूंनी एकमेकींच्या भांड्यांकडे बघत राहिल्या.

"वहिनी, तुम्ही पण?"

"रोज?" आईने विचारलं.

"रोज. तुम्ही?"

"रोज."

अण्णा हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा हसले. तोंड अजून एका बाजूला ओढलेलं होतं, त्यामुळे हसू वाकडं, आवाज भलताच मोठा. कौलांवरचे पारवे उडाले. दोघी बायका भांडी लपवायला लागल्या आणि त्यांना लपवायला जागा सापडेना. मीही हसत सुटले.

पण हसता हसता त्यांचा आवाज बदलला. "अगं," ते आईला म्हणाले, "मायेने मारशील तू. त्यालाही आणि मलाही."

आई तिथेच उभी राहिली. तांब्या हातात तसाच. "तहानलेलं बघवत नाही हो मला," म्हणाली आणि रडायला लागली.

आईचं माहेर कोरड्या मुलखातलं. लहानपणी तिने पाण्यासाठी कोस कोस पायपीट केली होती. दारातलं तुळशीचं रोप जगवायला ती आपल्या वाटणीचं पाणी अर्धं ठेवायची, असं मामा सांगत. अशा बाईने डोळ्यांदेखत झाड वाळू द्यायचं! अण्णांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी तिला जवळ बोलावलं. ती पायरीवर बसली. ते एवढंच म्हणाले, "मलाही कळतं गं. पण थोडं सोस. माझ्यासाठी सोस."

भाभी कुंपणापलीकडून डोळे पुसत म्हणाली, "भाऊ, आता नाही घालणार. अल्लाशपथ." आणि मग हळूच, "पण फारच सुकलं तर?"

आज दुपारची गंमत सांगते. मी बाल्कनीत उभी होते. बी विंगमधले ते गोठावाले गृहस्थ व्यायामाहून परतत होते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि हातातल्या बाटलीतलं उरलेलं पाणी आमच्या झोपलेल्या हिरवळीवर शिंपडून टाकलं. मग काही झालंच नाही अशा थाटात लिफ्टकडे गेले. मी वरून ओरडणार होते, पण म्हटलं जाऊ दे. शिव्या देणाऱ्या माणसालाही आत कुठेतरी कसंतरी होतच असतं. शिवाय ग्रुपवर कधी ना कधी हे मला उपयोगी पडणारच आहे.

त्या सकाळनंतर आमच्या घरात दोन ताण एकदम सुरू झाले. लिंबोणीची पानं पिवळी पडायला लागली, आणि अण्णा स्वतःच्या हाताने जेवायला लागले. कोणतं दृश्य जास्त वाईट होतं, सांगता येत नाही. उजव्या हाताने घास उचलायचा असा त्यांचा हट्ट. भात ताटात, ताटाबाहेर, मांडीवर, सदऱ्यावर. वरणाचे ओघळ कोपरापर्यंत. तोंडापाशी पोचेपर्यंत बोटांत चार शितं उरत. आम्ही खाली मान घालून जेवायचो. आई वाढून झालं की लगेच आत जाई आणि भांडी मोठ्याने घासायला घेई. एरवी ती इतका आवाज कधी करत नसे. एकदा न राहवून ती चमचा घेऊन आली. अण्णांनी नुसतं वर पाहिलं. ती चमचा ठेवून परत गेली.

हात खरा सुधारला तो हिरवळीने. लव्हाळा उपटायचा म्हणजे त्याला अंगठा आणि बोटाच्या चिमटीत, अगदी बुडाशी धरावं लागतं. ओढून चालत नाही, तुटतो आणि पुन्हा येतो. हळूहळू, गाठीसकट काढायचा. अण्णा ओल्या मातीत फतकल मारून बसत. आईने जुन्या लुगड्याची पट्टी काढून खुरपं त्यांच्या उजव्या हाताला बांधून दिलं. बांधून दिलं आणि बाजूला झाली, हे मला विशेष वाटलं. पहिल्या दिवशी एकही काडी निघाली नाही. संतापाने त्यांनी खुरप्यासकट हात जमिनीवर आपटला. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर एक दिवस संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर त्यांच्यापुढे एक छोटी जुडी होती, मेथीची असावी तेवढी, आणि ते तिच्याकडे असे बघत होते की जणू खजिनाच सापडलाय. "गाठीसकट," म्हणाले. "बघ. एकूण एक गाठीसकट."

जुड्या वाढत गेल्या. पट्टी सुटली. खुरपं बोटांतच राहू लागलं. मधल्या काही दिवशी हात पुन्हा रुसायचा, मग अण्णा घरभर सगळ्यांवर आग पाखडायचे. लतीफभाईंनाही सोडत नसत. मला मात्र त्या आरडाओरड्याचं बरं वाटे. भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस ओरडत नसतो.

गुलाबाच्या खुंटांवर लालबुंद कोंब तर दिवाळीनंतर लगेचच आले होते. प्रत्येक कोंब त्या डोळ्यातून, बाहेरच्या अंगाला. सरत्या डिसेंबरात लिंबोणी अर्धी बोडकी झाली. आई फाटकातून जाता-येता तिच्याकडे बघत नसे, मान वळवून जाई. एका रविवारी अण्णा म्हणाले, "पुरे झालं. आज पाणी." खत कालवलं त्यांनीच, दोन्ही हातांनी. पण पाण्याची बादली त्यांनी आईच्या हातात दिली, आणि दुसरी कुंपणावरून भाभीला. त्या दोघींनी लिंबोणीला पाणी पाजलं. नुसतं ओतलं नाही, पाजलं. पुढे संक्रांतीच्या सुमाराला झाड पांढरं झालं आणि फाटक उघडलं की वासाने जीव वेडावायचा. लोक रस्त्यात थांबून विचारत, कसला वास येतोय हो? भाभी तिच्या अंगणातून उत्तर देई, "आमच्या लिंबाचा!"

इतक्या वर्षांनी थंडीची तयारी करताना मी अजून हेच शिकते आहे. माणसांच्या बाबतीत मला ते आजही नीट जमत नाही. मुलीचं बाळंतपण झालं तेव्हा मी तिला पाण्याचा पेला उचलू दिला नाही, आणि ती ओरडली तेव्हा मला राग आला. द्यायचं कळतं. थांबायचं कळायला फार वेळ लागतो. झाडांच्या बाबतीत निदान दर वर्षी उजळणी होते.

रजा संपली त्या दिवशीची सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. अण्णांनी आदल्या दिवशी पेन्सिल धरून रेघ मारून बघितली होती. रेघ थोडी हलली होती, म्हणाले, "हलू दे, खोडरबर कशाला असतो?" कपडे करून ते पायरीवर बसले आणि बूट पुढे ओढले. नाडीचे बूट. आजारात सपाता चालल्या होत्या, कारखान्यात बूट सक्तीचे. डाव्या हाताने एक टोक धरलं, उजव्याने दुसरं. गाठ मारायला गेले, सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. आम्ही तिघं भावंडं दारात उभी. आई त्यांच्या शेजारीच पायरीवर बसलेली. तिचे दोन्ही हात तिने स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले होते.

कारखान्याचा पहिला भोंगा झाला. लतीफभाई सायकल घेऊन फाटकाशी थांबले. अण्णांच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम आला होता. नाडी पुन्हा सुटली. जुबेदाभाभीला राहवेना. "अहो, उशीर होतोय, मी बांधते ना," म्हणत ती लगबगीने आली आणि खाली वाकली.

आईने एक हात सोडवला आणि भाभीचं मनगट घट्ट पकडलं. तिचे डोळे भरून वाहत होते, पण आवाज अगदी ठाम होता. "बस भाभी इथे माझ्याजवळ," ती म्हणाली. "त्यांचं ते बांधतील."

भाभी बसली. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. दुसरा भोंगा झाला आणि विरूनही गेला. लतीफभाईंनी सायकल स्टँडवर लावली आणि तंबाखूची डबी काढली. अण्णांनी गाठ मारली, फास ओढला, आणि तो टिकला. मग त्यांनी दुसरा बूट पुढे ओढला.